सोमवारचं मटण

माझ्या थोरल्या चुलत्यांनी भर मांडवात मला वेडी ठरवलं, तेव्हा मी एम.ए.च्या वर्गात अजून पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. नुसता प्रवेश झाला होता.

चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. थोडा ऊस, एक फटफटी आणि एक आवाज एवढी त्यांची इस्टेट. त्यातला आवाज सगळ्यात मोठा. आमच्या साताऱ्याकडच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, माईकवर बोलणारा मात्र वेळेवर लागतो. कुठल्या सोसायटीचे चेअरमन आले, नवरीच्या मामानं कुठं यायचं, कुणाची जीप वाटेत आडवी लागलीय, कुणी फेटा बांधून घ्यायचा राहिलाय, हे सगळं तो सांगणार. पंचक्रोशीत हे काम तात्यांचं. त्यांनी पुकारलं की माणूस लग्नाला आला. नाही पुकारलं, तर तो दोन पंगती जेवून गेला तरी आलाच नाही असं धरायचं.

त्या दिवशी लग्न त्यांच्याच मुलाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं होतं. लोणंदकडचे एक पाहुणे मला बघायला म्हणून मुद्दाम त्या लग्नाला आलेले. उघड बघायचं नाही, वाढता-बिढताना नजरेखालून घालायचं, असं मोठ्यांचं ठरलं होतं. मी आईची जरीची साडी नेसून, हातात पाण्याचा जग घेऊन, तहानलेली माणसं शोधत फिरत होते. तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"आन् मंडळी, आमची पुतणी! येड्यांच्या कालिजात नंबर लागलेली आमच्या घराण्यातली पयली मुलगी. तिचं बी मांडवात आगमन झालेलं हाय. तवा शान्या मानसांनी जरा जपून बसावं!"

अख्खा मांडव हसला. वाजंत्रीवाले हसले. नवरदेव एका हातानं मुंडावळ्या सावरत हसला, आणि त्याचं हसणं सगळ्यांच्या नंतर थांबलं, हे मी नीट लक्षात ठेवलं. लोणंदचे पाहुणे तेवढे हसले नाहीत. त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि माझ्या जगातलं पाणी न घेताच ते पंगतीतून उठले.

निरोप सावकाश आला. "मुलगी चांगली आहे. शिक्षण जरा बेतानं पाहिजे होतं."

आता तो मुलगा माझ्या मनात भरला होता अशातला भाग नाही. त्याचे कान घंगाळाच्या कड्यांसारखे बाहेर आलेले होते. पण नकार मी द्यायचा होता. त्या कानांवर मी दोन चांगली वाक्यं तयार करून ठेवली होती, ती तशीच वाया गेली.

मी ठरवून टाकलं. ज्या माईकवरून तात्यांनी मला वेडी केलं, त्याच माईकवरून, तसल्याच भरल्या मांडवात त्यांचं हसं झालं पाहिजे. जमलंच तर नवरदेवाचंही. एवढं एकच ध्येय उराशी धरून मी पत्र्याची ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली आणि सांगलीला गेले. लोक उच्च शिक्षणाला काय काय स्वप्नं घेऊन जातात म्हणे.

त्या काळात आमच्या विषयाला धड मराठी नाव नव्हतं. मानसशास्त्राचं एम.ए., त्यात शेवटी शेवटी गुन्हेगारांचं मन आणि मनाचे आजार. आठवड्यातले काही दिवस मिरजेच्या सरकारी दवाखान्यात मनोरुग्णांच्या वॉर्डात बसायचं, काही दिवस तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांशी बोलायचं. मिरजेच्या बसचा एक कंडक्टर मला ओळखायला लागला होता. भरल्या गाडीत लांबूनच विचारायचा, "ताई, आज मेंटल का जेल?" माझ्या शेजारची जागा मिरजेपर्यंत रिकामी राहायची. तेवढाच फायदा.

पुस्तकातला प्रत्येक आजार मी आधी तात्यांना लावून बघायची. सगळे बसायचे. स्वतःच्या मोठेपणाच्या अवास्तव कल्पना? तात्या. दुसऱ्याच्या दुःखाची जाण नसणं? तात्या. मोठ्यानं, अखंड आणि न विचारता बोलणं? हा प्रश्नच नको. दिवाळीला घरी गेले की मी ओसरीवर बसून त्यांचं निरीक्षण करायची.

"आगं, भावजींच्याकडं अशी टक लावून काय बघतीस?" आई म्हणायची. "नजर लागंल मानसाला."

लागली तर लागावी म्हणूनच बघत होते. पुढं पुढं मात्र तेच आजार मलाही बसायला लागले. विशेषतः जुना अपमान रोज काढून, पुसून, पुन्हा जागेवर ठेवायचा, असा एक प्रकार होता, तो तर मापानं शिवल्यासारखा. तेव्हा मी ते प्रकरण मिटलं आणि परीक्षेला ऑप्शनला टाकलं.

प्रबंधाचा विषय विचारला तेव्हा मला विचारच करावा लागला नाही.

"सूड," मी म्हणाले.

आमच्या बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "घ्या. तुमच्या भागात माणसं कमी पडायची नाहीत."

नाही पडली. बांध कोरला म्हणून, पाण्याची पाळी मोडली म्हणून, वरातीत बैल पुढं घातला म्हणून आत आलेली माणसं गजाआड ओळीनं बसलेली असायची. माझी प्रश्नावली पुस्तकी मराठीत होती. तासगावकडच्या एका कैद्यासमोर मी ती वाचली. शेजाऱ्याच्या बेदाण्याच्या शेडला आग लावून आलेला गृहस्थ.

"आपल्या मनात सुडाची भावना प्रथम केव्हा उद्भवली?"

"काय म्हनला?"

"डोस्कं कवा फिरलं?"

"हां! मंग तसं इचारा की. द्राक्षं उतरवली तवा."

मग तो बोलतच सुटला. शेजाऱ्यानं व्यापाऱ्याच्या कानाशी लागून याचा माल कसा नासका ठरवला, तिथपासून काडी ओढण्यापर्यंत. मी इतकी रंगून ऐकत होते की लिहायचं राहिलं. तो मध्येच थांबला.

"बाई, बाकीची पोरं नुसती ल्हित्यात. तुमी लय मन लावून ऐकताय. तुमचं बी कुनीतरी हाय वाटतं."

मी कडक आवाजात सांगितलं, की प्रश्न मी विचारायचे असतात. मग थोड्या वेळानं विचारलं, "समजा, असलं तर?"

"तर घाई करू नका. आन् आदी कुनाला बोलू नका. मी बायकूला बोल्लो. तिनं भावाला सांगितलं. मेव्हना पोलिसात हाय माजा."

संदर्भग्रंथांत त्याला कुठं बसवता आलं नाही, पण माझ्या सगळ्या शिक्षणात एवढा उपयोगी उतारा दुसरा मिळाला नाही.

घाई न करता मी थांबले. आणि दुसऱ्या वर्षी, उसाला पाणी द्यायच्या दिवसांत, माझ्या चुलतभावानं बांधाशेजारच्या भावकीतल्या माणसाचा हात खोऱ्याच्या दांड्यानं मोडला. पाण्याची पाळी कुणाची, यावरून. डोक्यालाही थोडं लागलं. पोलिसांनी मोठं कलम लावलं आणि वर्षभरापूर्वी मुंडावळ्या सावरत हसणारा आमचा नवरदेव कोठडीत गेला.

पुढच्याच आठवड्यात तात्या सांगलीला माझ्या होस्टेलच्या फाटकात उभे. फेटा, काठी, आणि हातात पेरूची पिशवी. भेटायच्या बाकावर बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले. तात्यांना हळू आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"पोरी, तुजं त्ये शिक्शान हाय न्हवं, त्ये... मनाचं."

"येड्यांचं म्हना की तात्या. मांडवात म्हनला होता तसं."

"आगं ती गंमत. लग्नाकार्यात चालतंय तेवढं."

"व्हय. लोणंदच्या पाहुण्यांना बी लय गंमत वाटली."

तात्यांनी पेरू बाकावर ठेवले. "त्ये जाऊ दे. आपलं पोरगं येडं हाय, असं लिहून दे."

"हाय का?"

"न्हाई गं! शानं हाय चांगलं. पर वकील म्हनला, येडं ठरलं तर सुटतंय. तुजं शिक्शान आनि कशासाठी हाय मग?"

मी नुसती विद्यार्थिनी होते. माझ्या सहीनं होस्टेलमधून बाहेरसुद्धा पडता येत नव्हतं, आईबापाची लागायची. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. सरकारी माणसं सांगतात तसं ओठ आवळून सांगितलं, "बघावं लागंल." मग आणखी एकदा सांगितलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त गोड लागलं.

जाताना तात्या फाटकातून मागं वळले. "त्याला सगळं शिकवून ठिवलंय म्या. फौजेत एक जन असाच सुटल्याला बघितलाय. तू फकस्त आतनं जोर लाव."

साताऱ्याचे मानसोपचाराचे डॉक्टर रजेवर होते, म्हणून कोर्टानं भावाला तपासणीसाठी पाठवलं ते नेमकं मिरजेला, माझ्याच वॉर्डात. काही दिवस ठेवून बघायचं, आणि हा खरंच वेडा आहे का वेडाचं सोंग करतोय, ते कोर्टाला कळवायचं. असली केस पुस्तकात वाचायला मिळते. मला घरची मिळाली. मी बाईंना आणि डॉक्टरांना नातं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "मग या केसला तुम्ही हात लावायचा नाही. नातेवाईक म्हणून भेटा, डबा आणा. प्रश्न विचारायचे नाहीत."

ठीक आहे म्हटलं. डबा तर डबा.

भाऊ कॉटवर मांडी घालून बसलेला. दाराशी पोलीस. तात्यांनी शिकवलेलं सूत्र सोपं होतं: विचारतील त्याचं वाकडं सांगायचं.

"दोन आणि दोन किती?" डॉक्टर.

"पाच."

"गाईला पाय किती?"

"तीन."

"आज वार कोणता?"

"म्हस."

"वडिलांचं नाव?"

"म्हस."

मला त्यानं ओळखलं नाही. माझ्या डोक्यावरून खिडकीकडं बघत राहिला. कुंडीतली माती खाल्ली, पण आधी खडे वेचून. आणि खाण्याआधी कुणी बघतंय का ते बघून घेतलं.

बाहेर आल्यावर डॉक्टर सुपारी चघळत म्हणाले, "जो माणूस एकही उत्तर बरोबर देत नाही, त्याला सगळी उत्तरं माहीत असतात. खरा रोगी निदान गाईचे पाय तरी बरोबर सांगतो. पण कोर्टाला माझा नुसता संशय काय कामाचा? काहीतरी हाताला लागलं पाहिजे."

त्यांच्या हाताला काय लागेल, याचा विचार मी सांगलीपर्यंत केला. डॉक्टरांना मनाचं सगळं माहीत होतं. आमच्या घरचं नव्हतं. आमचं दैवत शंभू महादेव. आमच्या घरातली पुरुषमाणसं बांध वीतभर सरकवतील, गळ्याची शपथ खोटी घेतील, भावाचा हातही मोडतील. पण सोमवारी अंड्याला शिवायची नाहीत. तात्यांनी बर्फात पहारे केले, तिथंसुद्धा सोमवारी मीठ-भाकरीवर राहिले, ही गोष्ट आम्हाला अंगाईसारखी ऐकवलेली. हे पाळायला शहाणपण लागत नाही, ते हाडात असतं. मात्र सोमवार कळावा लागतो.

खानावळीच्या मावशींना मी सांगितलं, सोमवारी सकाळी मटणाचं सुकं करून द्या, लसूण सढळ टाका. डबा घेऊन बसमध्ये बसले, तर पहिल्यांदाच माझ्या शेजारी माणूस येऊन बसला.

वॉर्डात गेले. डॉक्टर दोन कॉट सोडून पलीकडं कुणाला तरी बघत होते. पोलिसानं तपासायला म्हणून झाकण उघडलं आणि नको तेवढा वेळ तपासलं. मग मी डबा भावाच्या मांडीवर ठेवला. दवाखान्याचं पिवळं पाणीदार वरण खाऊन त्याचे गाल बसले होते. नाकपुड्या हलल्या. हात भाकरीकडं गेला, तुकडा मोडला, सुक्यावर नेला. आणि तिथंच थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं माणसासारखं बघितलं.

"आज सोमवार न्हवं?"

"कुनाला ठावं," मी म्हणाले. "तुला कुठं वार कळत्यात?"

"आगं ए, लाज हाय का तुला? काकूला सांगू का? म्हादेवाच्या वारी मटान आनतीस! उद्या आन की!"

माझ्या मागून डॉक्टरांचा आवाज आला. "वार बरोबर. चुलतबहीण ओळखली. काकू आठवते. उद्या कोणता वार, पाटील?"

"मंगळ..." भाऊ म्हणाला, आणि मग घाईनं, मोठ्यानं, "म्हस!"

पण म्हस उशिरा आली.

मटण पोलिसानं खाल्लं. त्याला सोमवार नव्हता.

डॉक्टरांनी आणखी काही दिवस बघितलं आणि कोर्टाला कळवलं: आजार नाही, सोंग आहे. आता इथं मला पश्चात्ताप झाला, असं लिहायची पद्धत आहे. मला झाला नाही. वेडा ठरला असता तर तो सुटून घरी आला नसता, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या भिंतीआड गेला असता, आणि माझी वहिनी वेड्याची बायको म्हणून आयुष्यभर राहिली असती. हे खरं आहे. पण मी ते तिच्यासाठी केलं असंही मी म्हणणार नाही. डबा त्याच्या मांडीवर ठेवताना माझ्या डोळ्यांपुढं वहिनी नव्हती, मुंडावळ्या होत्या.

तात्या परत होस्टेलवर आले, तेव्हा आवाज जागेवर आला होता. गच्चीपर्यंत खिडक्या उघडल्या.

"सोमवारी मटान!" ते काठी आपटून म्हणाले. "आगं, कुळाचार हाय का न्हाई काय तुला? म्हादेवाच्या वारी! आमच्या घरात, साता पिढ्यांत..."

मुलगा कोर्टात उघडा पडला, वकिलाचा डाव फसला, याबद्दल शब्द नाही. सगळा राग सोमवारवर.

"आवं तात्या, पर त्यानं खाल्लं न्हाई की," मी म्हणाले.

तात्या थांबले. छाती जराशी वर आली.

"न्हाई खाल्लं. भुकेला हुता, तरी न्हाई खाल्लं. पोरगं कुनाचं हाय!" मग काहीतरी उमगल्यासारखे बाकावर बसले आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. "पर मग आता काय करायचं गं?"

आता एकच वाट होती. ज्याचा हात मोडला त्याच्या घरी जाऊन त्याच्या हातचं पाणी प्यायचं. भांडणापासून दोन्ही घरांनी एकमेकांचं पाणी सोडलं होतं, आणि आमच्याकडं पाणी पिणं म्हणजे चूक कबूल करणं. तात्या गेले. प्यायले. तो शेजारी हात गळ्यात बांधून बसलेला. तो कोर्टात तडजोडीला तयार झाला, पण एक अट घालून. येत्या हंगामात त्याच्या मुलीचं लग्न होतं.

"तात्या, तुमी पुढच्या सोफ्यावर बसायचं. टावेल-टोपी, मानपान सगळा हुईल. पर माईकला हात लावायचा न्हाई."

"मग पुकारायचं कुनी?"

"तुमच्या पुतणीनं. शिकलेली हाय. आन् तुमच्या पोराला तिनंच शानं केलं."

ही अट शेजाऱ्याच्या बायकोला सुचली, असं गावात अजून सांगतात. सुचलीच तिला. फक्त सुचायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं ताक प्यायला गेले होते. तासगावच्या गृहस्थाचा सल्ला मी तेवढाच मोडला. पण हिचा भाऊ पोलिसात नाही, याची आधी खात्री करून घेतली होती.

लग्नाच्या दिवशी मी माईक हातात घेतला. चेअरमन पुकारले, सरपंच पुकारले, नवरीच्या मामाला बोलावलं, आडवी लागलेली जीप काढायला लावली. तात्या पुढच्या सोफ्यावर, काठीवर दोन्ही हात ठेवून. शेजारी चुलतभाऊ, तडजोड होऊन घरी आलेला. मी मांडव गच्च भरायची वाट बघितली. मग घसा साफ केला.

"आणि मंडळी, आमचे चुलते, सुभेदार तात्या! यांचं सहकुटुंब आगमन झालेलं आहे. पंचक्रोशीतलं हे एकमेव घर, ज्या घरात कुणीही येडं नाही, असं सरकारी दवाखान्यात तपासून सिद्ध झालेलं आहे! बाकीच्या मंडळींची तपासणी अजून बाकी आहे, तवा त्यांनी जरा जपून बसावं!"

मांडव फुटला. माणसं वाकून वाकून हसली. वाजंत्रीवाल्यानं सनईच खाली ठेवली. भाऊ फेट्यात तोंड घालून बसला. तात्यांचे कान लाल झाले, आणि ते तसे झालेले मला स्टेजवरून दिसले. एवढ्यासाठी मी एम.ए. केलं होतं.

प्रबंधाच्या शेवटी मी निष्कर्ष लिहिला, की सूड घेतल्यानं माणसाला समाधान मिळत नाही. सगळ्या पुस्तकांत तसंच होतं आणि मला पास व्हायचं होतं. खोटं आहे ते. त्या दिवशी मी लापशी तीनदा मागून घेतली आणि दुपारी अशी झोपले की वरात गेलेली कळली नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. टॉवेल-टोपी घ्यायला तात्या स्टेजवर आले. टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्या कानाशी वाकून कौतुकानं म्हणाले, "आवाज झकास हाय, पोरी. पर माईक जरा लांब धरत जा. मंडळींना वाटंल, डागदर बोलायच्या आदी पेशंटच वरडाय लागला."

माईक माझ्या हातात होता, आणि चालू होता.

आता तात्यांच्या नातीचं लग्न ठरलंय. तात्या थकलेत, आवाज मात्र तसाच आहे. माईक कुणाकडं द्यायचा, यावर घरात अजून एकमत नाही. मी मात्र काल सांगलीहून खडीसाखर आणून ठेवली आहे. घशाला बरी असते.